जिनं नेलं, तिनंच आणायचं

पुस्तक परत आलं की मावशी आधी पदरानं त्याचं कव्हर पुसायच्या आणि मुलीला विचारायच्या, “बाई बरी ऱ्हायली का गं तिकडं?” बाई म्हणजे कव्हरवरची.

मावशी आमच्या तेलगावजवळच्या शाळेत सेविका होत्या. पुस्तकांचं कपाट माझ्याकडे, किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलांसाठी लिहिलेली थोर स्त्रियांची चरित्रं त्या चित्रावरून ओळखत: घोड्यावरली, पाटीवाली, डॉक्टरीण, विमानवाली. कोणती कुणाकडे आहे, हे माझ्या रजिस्टरआधी त्यांना ठाऊक असे.

दिवाळीनंतर मुली आईबापांसोबत ऊसतोडीला निघाल्या की मावशी फाटकाशी उभ्या राहत. प्रत्येकीच्या पिशवीत एक पुस्तक सरकवत. “एकटी कशाला जाती? हिला ने संगं. अन् जिनं नेलं, तिनंच आणायचं.”

असा नियम कुठंच नव्हता. मी एकदा म्हणालो, “मावशी, पुस्तकं हरवतील.”

“हरवू द्या की सर. पुस्तक न्हाई आलं, तर पोरगी न्हाई आली हे तरी कळंल.”

त्यानंतर मी पुस्तकाच्या नावापुढे मुलीला नेणाऱ्या टोळीच्या मुकादमाचं नावही लिहू लागलो.

एका गुढीपाडव्यानंतर तोडणी संपवून सगळे गावी आले, पण सातवीतली एक मुलगी शाळेत परतली नाही. तिचे वडील डॉक्टरीण घेऊन आले. मावशींनी हात पदराखाली घेतले.

“पोरीला धाडा.”

“ती आता न्हाई यायची. सोयरीक जमलीय. घ्या की, मावशी.”

“न्हाई घेता येत. नियम हाय. इचारा सरांना.”

मी सहसा खोटं बोलत नाही. “नियम आहे,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मावशी मुलीच्या घरी, दारात जाऊन बसल्या. काय बोलल्या, मला कधी सांगितलं नाही. दोन दिवसांनी मुलगी स्वतः पुस्तक घेऊन आली. मावशींनी ते घेतलं आणि लगेच दुसरं तिच्या हातात दिलं. सोयरीक लांबली, मग मोडली. मुलगी दहावीपर्यंत पुस्तकं नेत राहिली.

तुमच्याही शाळेत असं कुणी असेल. मला माझं काम मावशींनी शिकवलं, एवढं त्यांच्यासमोर म्हणायचं राहून गेलं. या पौषात त्या गेल्या.

मुली तेव्हा दूर उसाच्या फडाजवळ कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत, राहत होत्या. पाडव्यानंतर सहावीतली एक विमानवाली घेऊन आली आणि मावशींच्या स्टुलापाशी थांबली. मी हात पुढे केला. तिनं पुस्तक पाठीमागे नेलं.

“मावशीलाच द्यायचं हाय.”

मी सांगितलं. मग ओढणीनं कव्हर पुसून तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं.

“बाई बरी राहिली का गं तिकडं?” मी विचारलं.

“हां सर. कोपीत ओल आली व्हती, मग तिला उशाला घेतली.”