माहेरच्यांना नवं नाव

आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागात आमच्या प्रोग्रामर बाई शिरल्या, की आधी की-बोर्ड उलटा करून झटकतात, मग चपला काढून खुर्चीवर मांडी घालतात. त्यांचं गाव कऱ्हाटी. शेजारी पाण्याची मोटार चालू असल्यासारखा त्यांचा चढा आवाज. स्क्रीनशीही भांडतात, "आता का गं रुसलीस?"

गाळप तोंडावर आलं आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर न्यायचं ठरलं. नव्यात मूळ भागांची नावंच बदललेली. आमच्या कोडमधली आम्ही बदलली. पण पावती छापणारी लायब्ररी, म्हणजे आयता वापरायचा कोड, बाहेरच्या कुणाची तरी, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली. ती जुन्याच नावांनी हाका मारत राहिली आणि पावती काही निघेना. मी म्हणालो, "फेकून देऊ, नवी लिहू."

"लगेच फेकायची व्हय, दादा?" बाई उसळल्या. "लग्नात माझं नाव बदललं. माहेरची माणसं फोनवर मला जुन्याच नावानं मागायची, सासरचे म्हणायचे, अशी हितं कुणी न्हाय. म्हणून काय माहेर तोडलं? त्यास्नी नवं नाव शिकवलं!"

मग त्यांनी लायब्ररीची प्रत घेतली, आतली जुनी नावं बदलली आणि दिवसभर पावत्या छापून तपासल्या.

गाळपाच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघं काट्यावर होतो. उसाचा ट्रॅक्टर चढला, पावती सर्रकन बाहेर आली. ड्रायव्हरनं न बघताच ती खिशात कोंबली आणि गाडी पुढं काढली. एवढ्या खटपटीची त्याला दखलही नाही, म्हणून मला जरा वाईटच वाटलं.

बाईंनी मात्र टाळीसाठी हात पुढं केला. "बघितलंसुदिक न्हाय त्यानं! म्हंजी काय बदललं ते कळलंच न्हाय. जिकलं, दादा!"