चकलीच्या डब्यातल्या दोन डिस्क

आता जे सांगणार आहे ते अक्षरशः खरं आहे. आमच्या इमारतीच्या लिफ्टवर हात ठेवून शपथ घेतो, कारण तिच्याइतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटत नाही. त्या दिवशी रविवार होता. नाही, गुरुवार असेल; नळाला पाणी नव्हतं. जाऊ द्या, वार चुकला म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. बरं, शपथ घेतलीच आहे तर हेही सांगून टाकतो की यात एक जागा मी रचलेली आहे. अगदी लहान, चिठ्ठीएवढी. ती कुठली हे शेवटी सांगेन, धीर झाला तर.

तर मंडळी, मी कॉम्प्युटरमधला जाणकार माणूस. ही पदवी मला कुणी दिलेली नाही, मीच घेतली. नोकरी साधी, सरकारी, फायलींची. पण घरी मी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडतो, उघडतो, पुसतो, पुन्हा जोडतो. इमारतीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर सकाळी लोक फुलं पाठवतात, मी इशारे पाठवतो. अनोळखी पेनड्राइव्ह लावू नका. कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवा. घरचं काहीही फोनवरून कुणाला पाठवू नका. माझा स्वतःचा पासवर्ड एकतीस अक्षरांचा आहे. तो टाकून होईपर्यंत चहा निवतो.

बायको, सुनंदा, एकदा म्हणाली, "अहो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?"

मी म्हटलं, "आपले लग्नाचे फोटो."

"मग दार उघडं ठेवा," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गजभिये काका राहतात. मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी पोस्टात झाली, तीही रजिस्टर पत्रांच्या टेबलावर. मुलगी वर्षा इथे खराडीत नोकरीला लागली म्हणून काका-काकू पुण्यात आले. पुढे वर्षाची बदली बंगळूरला झाली, हे दोघं इथेच राहिले. दोन वर्षांपूर्वी इंदूकाकू गेल्या, तेव्हापासून काका एकटेच.

एके दिवशी सकाळी काका दारात उभे. हातात चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा. पंधरा वर्षांचा तरी असेल.

"सर, हा फार कण्हून राहिला जी," काका म्हणाले. "पहा ना जरा."

लावून पाहिला. कण्हतच होता. आतली डिस्क टकटक आवाज करत होती. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला कळतं, की आता दिवस मोजायचे. मी विचारलं, यात महत्त्वाचं काय आहे? काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सात आवाज आहेत."

काकू गायच्या. वस्तीतल्या विहारात त्यांच्या भीमगीतांना गर्दी व्हायची, असं काका सांगतात. काकांनी एक स्वस्तातला माइक आणून घरीच त्यांची गाणी रेकॉर्ड केली होती. सहा गाणी, त्यातला एक पाळणा, नातीच्या नामकरणाचा. सातवं मात्र गाणं नव्हतं. सहावं गाणं संपल्यावर काका माइक बंद करायला विसरले, तेव्हा चुकून झालेलं. चाळीस सेकंदांचं. मीही ऐकलं. आधी भांड्याचा आवाज, मग काकू म्हणतात, "अहो, बंद केलं का ते? तिकडे वांगं करपून राहिलं आन् तुम्ही हसून काय राहिले?" मग काकांचं हसणं, मग काहीच नाही.

काका रोज सकाळी चहाबरोबर ही चाळीस सेकंदं ऐकायचे. गाणी रविवारी.

आता सांगा, साध्या माणसानं काय केलं असतं? ती सात रेकॉर्डिंग चार ठिकाणी उतरवली असती आणि चहा पिऊन घरी गेला असता. पण मी साधा माणूस नाही, हे वर सांगितलंच आहे.

मी काकांना घेऊन शनिवार पेठेत माझ्या नेहमीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मालकांना मी यादी दिली. आठ गाभ्यांचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड, बत्तीस जीबी मेमरी, काचेचा डबा, थंडाव्याला पाच पंखे. मालकांनी यादी वाचली, चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"हे कशासाठी हवंय?"

"गाणी ऐकायला," काका म्हणाले.

मालकांनी यादी गल्ल्यावर ठेवली. "बसायला खुर्ची लागेल की सीटबेल्ट?"

पुण्यात दुकानदाराचा सल्ला हा असा येतो, टोमण्याच्या वेष्टनात. मी वेष्टन फेकलं आणि सल्लाही फेकला. काकांना समजावलं, की वस्तू एकदाच घ्यायची तर पुढच्या दहा वर्षांचा विचार करून घ्यावी. काका शहात्तर वर्षांचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवस खपून मी ते यंत्र जोडलं. काचेतून निळे-जांभळे दिवे. स्क्रीनवरच्या कॅमेऱ्यावर लावायला पट्टी शोधत होतो, तर काका आतून काकूंच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आले. त्यातली एक मरून टिकली त्यांनी कॅमेऱ्यावर लावली. तंतोतंत बसली.  

मग काका म्हणाले, "लावा ना सर आता."

लावलं. पंखे फिरले, दिवे पळाले, पडद्यावर आवाजाची रेघ नाचायला लागली. आवाज मात्र नाही. मी सगळी सेटिंग तपासली, केबल काढून घातल्या. काका शांतपणे म्हणाले, "सर, याला भोंगा कुठे आहे?"

स्पीकर घ्यायचेच राहिले होते. गाणी ऐकण्यासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरला स्पीकर नाहीत. शेवटी जुन्या कॉम्प्युटरचे पिवळे पडलेले दोन स्पीकर त्या विमानाला जोडले आणि त्यातून काकू बोलल्या. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं.

पण यंत्र नेटला जोडलेलं होतं. वर्षाशी व्हिडिओवर बोलायला काकांना नेट हवंच. आणि माझा नियम असा, की नेटला जोडलेल्या यंत्रात जिवाभावाचं काही ठेवायचं नाही. उद्या कुणी आत घुसला, सगळ्याला कुलूप लावून खंडणी मागितली तर? काकांनी विचारलं, "वांगं करपल्याची खंडणी कोण मागते जी?" मी त्यांना जगाची कल्पना दिली. ते "हो जी" म्हणाले. हे त्यांचं "हो जी" पोस्टातलं आहे. त्याचा अर्थ होकार नसतो, तक्रार मिळाली एवढाच असतो.

तर मी काय केलं, एक नवी कोरी डिस्क आणली, जुनीसारखीच, आत चकत्या फिरणारी. साती रेकॉर्डिंग तिच्यावर उतरवली. जुनी डिस्क माझ्या घरी नेली आणि सहा तास लावून तिच्यावर इथून तिथवर शून्यं भरली, म्हणजे चोराला काही सापडायला नको. नव्या यंत्रातली प्रतही पुसली. आता काकू फक्त एका ठिकाणी होत्या. मला फार सुरक्षित वाटत होतं.

काका म्हणाले, मग मी रोज सकाळी ऐकायचं कसं? मी म्हटलं, थोडे दिवस थांबा, नेट नसलेला एक छोटा प्लेअर जोडून देतो. "हो जी."

आता त्या दोन डिस्क. दोन्ही दिसायला सारख्या. नव्या डिस्कला मी बाहेरचं कवचसुद्धा घेतलं नव्हतं. कवच म्हणजे चोराला जाहिरात. दोन्ही मी काकांच्या चकलीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. आणि इथे माझ्या डोक्यातून ती चलाखी निघाली. रिकाम्या जुन्या डिस्कवर मी चिठ्ठी चिकटवली, "महत्त्वाचे." काकूंच्या आवाजाच्या डिस्कवर चिकटवली, "बाद." चोर आला तर "महत्त्वाचे" घेऊन पळेल, घरी जाऊन लावेल, आणि त्याला मिळतील शून्यं. बसा मोजत.

काकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "सर, चिठ्ठीवर खोटं लिहू नाही. माझ्या टेबलावरून चुकीच्या पत्त्याचं पाकीट कधी पुढे गेलं नाही." मी हसलो. आणि मी घरी गेल्यावर काकांनी मुकाट्यानं दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. खऱ्यावर खरं, बादवर बाद. मला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मी एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा माणूस सांगत होता, की पुसलेलं कधीच पुरतं पुसलं जात नाही, जाणकार लोक डिस्कला भोक पाडतात. झालं. मी ड्रिल घेऊन काकांकडे. काका बँकेत निघाले होते. म्हणाले, तुमचं चालू द्या, आणि किल्ली ठेवून गेले.

मी डबा उघडला. मला माझी चलाखी चोख आठवत होती. "महत्त्वाचे" म्हणजे रिकामी. ती घेतली, गॅलरीत पाटावर ठेवली आणि ड्रिल चालवलं. तीन भोकं पाडली. एक पुरलं असतं, पण मी कामात कसर ठेवत नाही. डिस्क जोडून आधी तपासावी असं मनात आलं होतं. पण जोडणं म्हणजे धोका.

काका परत आले तेव्हा मी पत्र्याचा कीस झाडत होतो. त्यांनी पाटावरची डिस्क पाहिली. मग चिठ्ठी पाहिली. मग डब्यातली दुसरी पाहिली. पिशवी खाली ठेवली नाही, तशीच हातात.

"सर," ते म्हणाले, "हिच्यातच होती ना ती?"

मी दुसरी डिस्क घेऊन धावत घरी गेलो, जोडली, शून्यं. वेगवेगळे तीन प्रोग्राम लावले, शून्यं. माझं काम उत्तम होतं. सहा तासांत मी एक सेकंदही शिल्लक ठेवला नव्हता. सुनंदानं दारातून विचारलं काय झालं, मी सांगितलं. या बाईनं मला आयुष्यात पहिल्यांदा टोमणा मारला नाही. ती समोर काकांकडे गेली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. तो टोमण्याहून वाईट होता.

दुसऱ्या दिवशी वर्षाचा फोन. माझ्याच नंबरवर. मी ऐकून घ्यायची तयारी केली होती. ती म्हणाली, "काका, माझ्याकडे गाणी आहेत. बाबांनी मागेच पाठवली होती."

कशी पाठवली होती माहितीय? जुन्या कॉम्प्युटरच्या पिवळ्या स्पीकरजवळ फोन धरून, व्हॉट्सअपवर. माझ्या ग्रुपवरच्या सगळ्या इशाऱ्यांना "हो जी" म्हणून. वर्षाच्या फोनला कुलूप नाही, तो तिची मुलगी खेळायला घेते, एकदा रिक्षात विसरून परतही आलेला आहे. त्या फोनमध्ये सहाच्या सहा गाणी धडधाकट होती. एका गाण्यात कुकरची शिट्टी होती, एवढंच.

सहा. मी विचारलं, "आणि सातवं?"

वर्षाला सातवं आहे हेच माहीत नव्हतं.

मी काकांकडे गेलो. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. सगळे दिवे पळत होते, टिकली जागेवर. मी विचारलं, ते का नाही पाठवलं? काका म्हणाले, "ते गाणं थोडंच होतं. ते मला बोलली होती ती."

सगळ्या घरात खरी गुप्त म्हणावी अशी एकच गोष्ट होती. ती त्यांनी माझ्यापेक्षा नीट जपली होती, आणि जपण्यासाठी माझ्या हाती दिली होती.

तर झाला किस्सा. आता ती चिठ्ठीएवढी जागा.

हा किस्सा मी इमारतीत चार-पाच वेळा सांगितला आहे. गणपतीत सांगितला, कोजागिरीला गच्चीवर सांगितला. काका चिठ्ठ्या बदलतात तिथे लोक हमखास हळहळतात. एकाचा खरेपणा, एकाची चलाखी, दोघांची अर्धी-अर्धी चूक. ऐकायला बरं वाटतं. मलाही वाटतं.

काकांनी चिठ्ठ्या बदलल्याच नव्हत्या. पत्त्याचं ते बोलले, तेवढं खरं. पण दुसऱ्याच्या हातची चिठ्ठी काढायची त्यांना सवय नाही. त्या दिवशी मी डबा उघडला, "बाद" लिहिलेलं वाचलं, माझ्याच अक्षरातलं, आणि म्हटलं, हीच ती बाद. चलाखी साफ विसरलो होतो. चोरासाठी लावलेला सापळा होता, आणि त्या डब्याला पंधरा दिवसांत हात लावणारा मी एकटाच.

कोजागिरीला काका समोरच बसले होते. मी त्यांच्यावर अर्धी चूक ढकलत होतो आणि ते मसाला दूध पीत ऐकत होते.  जिन्यात मी त्यांना गाठलं, म्हटलं, काका, तुम्ही खोडून का नाही काढलं?

"राहू द्या ना सर," ते म्हणाले. "तुम्हाला एकट्याला जड जाते."

मागच्या आठवड्यात साधे तीन पेनड्राइव्ह आणले. सहा गाणी भरली, कुकरच्या शिट्टीसकट. एक त्यांच्याकडे, एक वर्षाकडे, एक सुनंदाच्या डब्यांच्या कपाटात. काकांच्या पेनड्राइव्हला चिठ्ठी चिकटवायला घेतली आणि सवयीनं विचारलं, "काका, यावर काय लिहू?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जे आहे ते लिहा," ते म्हणाले. "जमते का पहा."