धवल्यात ढोलकी

मी कोळ्याची पोर, म्हणजे माझ्या संगीतात ढोलकी असलीच पाहिजे, हा कायदा कुणी केला ते मला एकदा कळू दे. मुलाखतीला येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. लाटांचा ताल लहानपणापासून कानावर पडला असेल ना? अहो, आमच्या कानावर पडायचं ते बोटीचं इंजिन आणि आईची ओरड.

संगीत मिळालं ते आत्याकडून. आत्या धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी गाण्यातून चालवते ती धवलारीण, आणि ती गाते तो धवला. ना ढोलकी, ना टाळ. चार-पाच सुरांतली एकच चाल, इतकी संथ की पाहुणे पेंगतात. पण एक गोष्ट आत्या खपवून घ्यायची नाही: ओळ तुटता कामा नये. तिचा श्वास संपत आला की जोडीदारीण खालून हळूच आवाज लावायची. कुणाचा सूर कुठे संपला ते कळायचंच नाही. मी पुढे म्हसळ्याला गुरुजींकडे व्हायोलिन शिकले, मुंबईत पाश्चात्त्य संगीतरचना शिकले. पण रचना म्हणजे काय, ते मला त्या मांडवात कळलं होतं.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका महोत्सवानं माझ्याकडे फक्त तंतुवाद्यांसाठी रचना मागितली. मी धवला लिहिला. एक व्हायोलिन थांबायच्या आत दुसरं खालून सूर उचलतं, बस्स, तेवढंच. आत्याला सांगितलं तेव्हा काय हरखली ती! गावात आता हळदीला डीजे असतो. तिला कित्येक वर्षांत कुणी बोलावलेलं नाही.

तालमीला गेले, तर वादकांच्या पुढे ढोलकीवाला बसलेला. मला वाटलं, आपली खोली चुकली. संयोजक हसत हसत आले.

"मॅडम, जरा उठाव आणलाय. कोळीगीत म्हटल्यावर लोक ठेक्याची वाट बघणार ना!"

"हे कोळीगीत नाही, धवला आहे."

"तेच हो. मधल्या त्या लांबट जागा थोड्या काढल्यात."

थोड्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिथे सुरातून सूर उचलायचा, नेमक्या त्याच जागा कापलेल्या. आणि वर मलाच शिकवतायत, कोळी म्हणजे काय ते! हरिहरेश्वरच्या सहलीला जाताना बसमध्ये नाचायला कोळीगीतं लावता, तेवढेच का आम्ही? मी वादकांपुढच्या एकेका स्टँडवरचे स्वरलिपीचे कागद उचलले आणि पिशवीत कोंबले. संयोजक जिन्यापर्यंत मागे आले. "मॅडम, पोस्टरवर तुमचा फोटो छापलाय हो!" म्हटलं, ढोलकीवाल्याचा लावा.

गावी घरी आले तेव्हा आत्या ओटीवर बसली होती. मी सगळं सांगितलं, संयोजकाची नक्कल करून. मला वाटलं, आता ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. शिव्यांत आमच्या आत्याचा हात कोण धरणार? पण तिनं एवढंच विचारलं,

"मंग धवला वाजनार न्हाय?"

"नाही आत्या. तसा कसा वाजू देऊ?"

"बराबर केलंस," ती म्हणाली. "पन मंग आता ऐकनार कोन?"