‘एकदम अंतिम’ नावाची फाईल

अन्याय झाला तो वडवणीकडच्या एका वस्तीतल्या बाईवर. केव्हा, तेही नेमकं सांगतो. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, टँकर वाटपाच्या बैठकीत. बाई बैठकीत नव्हती. तिची विहीर होती, पडद्यावरच्या नकाशात, निळा ठिपका होऊन.

टँकर कुठं जायचे ते सहकारी संघ ठरवायचा आणि संघाच्या कचेरीत नकाशांच्या फाईली मी सांभाळायचो. नकाशावर प्रत्येक विहिरीचा एक ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की मागची ओळ उघडायची: खोली किती, पाणी आहे की नाही. आहे तर निळा, नाही तर लाल. टँकर लाल ठिपक्याला.

होळीच्या सुमारास मी त्या वस्तीवर गेलतो. बौद्धांची वीसेक घरं, गावापासून अर्धा कोस लांब. विहिरीत दगड टाकला. खणकन वाजला.

कडेला उभी असलेली बाई म्हणाली, “काय ऐकतूस लेकरा? आत आमचं कपाळच हाय.”

मी मोबाइलवर ‘पाणी नाही’ नोंदवलं, कचेरीत येऊन संगणकात फाईल ठेवली आणि नाव दिलं ‘विहिरी नवी’. तारीख टाकली नाही. त्याच कप्प्यात थोरल्या कारकुनानं ठेवलेल्या ‘विहिरी अंतिम’, ‘विहिरी अंतिम दोन’ आणि ‘विहिरी एकदम अंतिम’ आधीच पडलेल्या होत्या. सगळ्या चांगल्या पावसाच्या वर्षातल्या, त्याही खुर्चीत बसून भरलेल्या. त्या बाजूला काढायला हव्या होत्या. चहा आला, मी उठलो.

बैठकीत कारकुनानं ‘एकदम अंतिम’ उघडली. मी मागच्या रांगेत होतो. वस्तीचा ठिपका निळा दिसला. एका वाक्याचं काम होतं. पण संघाचे अध्यक्ष बोलत होते, आणि अध्यक्ष बोलताना आमच्याकडं कुणी खोकतसुद्धा नाही. यादी झाली. वस्ती यादीत नव्हती.

चौथ्या दिवशी बाई कचेरीत आली. कारकून मान वर न करता म्हणाला, “मावशे, तुमच्या हिरीला पाणी हाय. हे बघ, निळं.”

“कुठं हाय?”

“नकाशात हाय की!”

“मंग नकाशाला दोर लावून दाव, बाबा. घागर मी धरते.”

कचेरी हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती वाटी आणि घागर घेऊन दोरानं विहिरीत उतरली. तळाच्या कपारीत ओल होती, ती वाटीनं भरायची. वर येताना दोर तुटला. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ती आज काठीशिवाय उभी राहत नाही.

मग बोभाटा झाला. तपासणीला तहसिलीतले साहेब येणार म्हणताच अध्यक्षांनी मला आत बोलावलं.

“फाईल नीट कर.”

“नीट म्हणजे?”

कारकून दारातून खेकसला, “अबे, नवी त्या जुन्यावर टाक! नाव तेच ठेव. कळंना का तुला?”

कळत होतं. मी टाकली. ‘एकदम अंतिम’मधला निळा ठिपका लाल झाला आणि बैठकीत तो निळा होता याचा पुरावा जगातून गेला. त्याला एवढाही वेळ लागला नाही जेवढा वाटी भरायला लागतो.

साहेबांनी लाल ठिपका पाहिला. “पाणी नाही असंच आहे. मग टँकर का गेला नाही?”

“वस्तीकडून मागणीच आली न्हाई, साहेब,” कारकून म्हणाला.

साहेबांनी तेच लिहून घेतलं. म्हणजे चूक बाईची ठरली. माझ्यासमोर ठरली. महिनाभरानं मी नोकरी सोडली. त्यानं तिचा खुबा जुळला नाही.

आता तुम्ही. संघात, पंचायतीत, तहसिलीत जा आणि तुमच्या विहिरीची ओळ उघडायला लावा. कुणी पाहिली, कोणत्या दिवशी पाहिली, हे विचारा. दिवस लिहिलेला नसेल तर तिथंच बसा, लिहून घेतल्याशिवाय उठू नका. जुन्या फाईलीची प्रत मागा, मिटवू देऊ नका. आणि माझ्यासारखे मागच्या रांगेत बसला असाल, तर अध्यक्ष बोलत असतानाच उठा आणि सांगा की ठिपका खोटा आहे.