खैरुद्दीनच्या वतीने

खैरुद्दीन परकार सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसला की घरचेसुद्धा त्याच्याशी बोलायच्या फंदात पडत नसत. स्टँडवर चाक, हातात आऱ्यांची चावी आणि मान अशी कललेली, की चाक त्याच्या कानात काही सांगतंय असं वाटावं. रत्नागिरीजवळच्या गावात बापाच्या भाड्याच्या सायकलींवर शिकलेली ही विद्या. आखातातल्या फुजैऱ्यात तिच्यावर त्याचं अठरा वर्षं पोट चाललं होतं, आणि गेली तीन वर्षं एका छोट्या प्रोफेशनल सायकल टीमचं कामही तिच्यामुळेच त्याच्याकडे होतं. डोंगरातल्या चढांचा सराव करायला ही टीम हिवाळाभर तिथं मुक्कामाला असायची. टीमचे डायरेक्टर, बेल्जियमचे साहेब, आल्यागेल्याला खैरुद्दीनची हातानं बांधलेली चाकं कौतुकानं दाखवायचे.

बोलण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस म्हणजे शुद्ध धोंडा. साहेबांशी जे बोलायचं ते त्याच्या वतीनं अलीमियाँ बोलत. अलीमियाँ त्याच्याच गावचे, वयानं वडीलधारे, टीमच्या व्हिसा-तिकिटांचं काम बघणारे. खैरुद्दीनला आखातात आणलं तेही त्यांनीच. रजा असो, पगारवाढ असो, मोठ्यांना ओलांडून साहेबांच्या केबिनमध्ये शिरणं म्हणजे बेअदबी, असं त्याच्या हाडीमासी खिळलेलं होतं. अलीमियाँची बायको गावी, म्हणून रमजानात त्यांचा इफ्तार रोज खैरुद्दीनच्या घरी. खैरुद्दीनची बायको सुरैय्या त्यांच्यासाठी वेगळी कमी तिखटाची भजी तळायची.

यंदा रमजानातच एका डोंगराळ बेटावर तीन दिवसांची शर्यत आली. साहेबांनी मेकॅनिक म्हणून खैरुद्दीनचं नाव काढलं. हे दौऱ्यातलं काम जमलं, तर टीमच्या कायमच्या मेकॅनिकची जागा त्याची होती. गावाहून फुजैरा आणि फुजैऱ्याहून गाव, याखेरीज जग न पाहिलेला हा माणूस आठवडाभर त्या बेटाचा नकाशा मोबाईलवर बोटानं मोठा करून बघत होता. पासपोर्ट व्हिसासाठी अलीमियाँकडे दिला होता.

निघायच्या चार दिवस आधी अलीमियाँ इफ्तारला बसता बसता म्हणाले, "खैरू, तुझा व्हिसा आला नाही रे. मी खूप ट्राय केलं. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला. पासपोर्ट राहू दे माझ्याकडे, परत लागेलच."

"मग कोण जाणार, चाचा?"

"यहयाला पाठवतो. त्याच्याकडे जुना व्हिसा आहे."

यहया म्हणजे अलीमियाँचा जावई. सहा महिन्यांपूर्वी खैरुद्दीनच्याच हाताखाली काम शिकायला लागलेला.

चौदा वर्षांची अलिना म्हणाली, "अब्बा, जस्ट आस्क द बॉस." खैरुद्दीननं तिला डोळ्यांनीच दटावलं. चाचांनी सांगितल्यावर पुन्हा साहेबांना विचारायचं, म्हणजे चाचांना खोटं पाडायचं. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं, पण राग कुणावर धरायचा? व्हिसावर?

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, अस्रची नमाज झाल्यावर, यहयाचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पार उतरलेला. "खैरूभाई, मागचं चाक चढावर टकटक करतंय. मी आरे टाइट केले तर चाकच आऊट झालं. उद्या लास्ट स्टेज आहे, सगळा उतार."

"हात लावू नकोस. आधी फोन चाकासमोर धर."

चाक पाहिल्यावर खैरुद्दीन एकेक गोष्ट सांगत गेला. एकाच बाजूचे आरे ओढलेत, ते पाव फेरा सैल कर. आता समोरच्या बाजूचे घे. मग जोडी-जोडीनं मुठीत धरून दाब, कडकड वाजले तरी घाबरू नकोस. हे चालू असतानाच पडद्यावर साहेब डोकावले. त्यांचा चेहरा फुलला.

खैरुद्दीनची फार आठवण येते, असं ते म्हणाले. "पण तुझ्या निर्णयाचा मला आदर आहे. रोज्यात तू कामाला हात लावणार नाहीस, हे अलीनं सांगितलं. व्हिसा तेवढा फुकट गेला, त्याचं काही नाही."

खैरुद्दीनच्या पायाखालची वाळूच सरकली. अठरा रमजान त्यानं रोजे ठेवून काम केलं होतं, त्यातले कितीतरी पन्नास डिग्रीच्या उन्हातले. त्याच रोज्याची सबब करून त्याचा केसानं गळा कापला होता. तोंडातून आलं ते एवढंच, "येस सर."

साहेब गेले. यहया खाली बघत होता.

"आता व्हॉल्व्हपासून सुरू कर," खैरुद्दीन म्हणाला. चाक नीट फिरेपर्यंत त्यानं फोन ठेवला नाही. त्या चाकावर उद्या कुणाचा तरी मुलगा उतारावरून जाणार होता.

मग अलीमियाँना फोन करून म्हणाला, "चाचा, येताना माझा पासपोर्ट आणा."

अलीमियाँ आले, पासपोर्ट सुरैय्याच्या हातात देऊन रोजच्या जागी बसले. तिनं पानं उलटली. बेटाचा व्हिसा चिकटवलेला होता, त्यावर खैरुद्दीनचा फोटो. मुदत अजून दहा दिवस.

"चाचा, हे काय?" तिनंच विचारलं.

"सुरैय्या, माझी मुलगी यहयाच्या घरात आहे. त्याला पर्मनंट नोकरी नाही. खैरूचं काय, त्याचा हात आहे, त्याला कुठंही काम मिळेल."

"पण माझ्या रोज्याच्या नावावर?" खैरुद्दीन म्हणाला. "व्हिसा आलेला असताना मी का येत नाही, हे साहेब मलाच विचारतील, ही भीती नाही वाटली?"

"साहेब कशाला विचारतील? आणि तू विचारणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. रोजेदाराला ताटावरून उठवायचं नसतं, म्हणून खैरुद्दीननं खजुराची बशी त्यांच्यापुढे सरकवली, स्वतः घोटभर पाणी प्यायला आणि तिथंच, त्यांच्यादेखत, साहेबांना फोन लावला. अलीमियाँ म्हणाले, "खैरू, खलास, आता राहू दे." त्यानं ऐकलं नाही.

"सर, आय नो से नो," तो म्हणाला. "आय वाँट कम. रोजा नो प्रॉब्लेम. एव्हरी इयर आय वर्क."

यहयाच्या कायमच्या नोकरीच्या कागदावर आज सकाळीच सही झाली, असं साहेबांनी सांगितलं. मग, रागानं नव्हे, खरंच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण खैरुद्दीन, तू मला का नाही सांगितलंस? आपण रोज भेटत होतो."

खैरुद्दीन फोन कानाला लावून उभा राहिला. उत्तर देण्यासाठी त्याची नजर, अठरा वर्षांच्या सवयीनं, अलीमियाँकडे गेली.