न बघता लिहिलेले अकरा फूट

आधी माझा गाढवपणा कबूल करते. एकवीस वर्षांची असताना मी नदीकडे न बघताच नदीची पातळी लिहायचे. एकदा-दोनदा नाही, चांगले आठ दिवस!

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही नाही. इथे लोक लिहितात ते भुताचे अनुभव मी पनवेलजवळच्या विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये चहा पीत वाचते आणि खुशाल हसते. पण गेल्या महिन्यात नातीच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी आमचं जुनं वीजघर बघायला गेले... तिथे काचेच्या कपाटात एक रजिस्टर उघडून ठेवलंय. माहिती सांगणारे साहेब म्हणाले, "त्या काळच्या माणसांची दक्षता बघा!" पान माझं होतं. दक्षता कसली, कपाळ! म्हणून हे लिहितेय.

वीजघराचं नाव सांगत नाही. पनवेलहून एसटीनं सव्वा तास, घाटाच्या पायथ्याशी, नदीला लागून काळ्या दगडाची लांबलचक इमारत. गोऱ्या साहेबाच्या काळातली. डोंगरावरच्या तलावाचं पाणी जाड पाइपांतून खाली यायचं, मशीन फिरवायचं आणि मागच्या अंगानं नदीत पडायचं. वीज तारांवरून थेट मुंबईला, गिरण्यांना. आणि समोरच्या काठावरच्या वाडीत? कंदील. माझ्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या क्वार्टरमध्ये पंखा फिरतोय ना, झालं तर मग!

सासरे — आम्ही त्यांना बाबा म्हणायचो — नदीची पातळी बघायच्या कामावर होते. काठच्या भिंतीवर फुटांचे आकडे रंगवलेले. रोज सकाळी आठला बासष्ट पायऱ्या उतरायच्या, पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते बघायचं, वर क्वार्टरमध्ये येऊन रजिस्टरात लिहायचं आणि कंट्रोल रूमला फोनवर सांगायचं. नवाच्या वर गेलं की भोंगा. काठ रिकामा करा!

त्या श्रावणात बाबांना मलेरिया झाला. नवरा मुंबईला नोकरीला. बाबांच्या रिटायरमेंटला सहा महिने उरलेले. गोधडीतूनच म्हणाले, "पोरी, तू शिकलेली हायस. उतरून बग नि लिव. खोटा आकडा गेला तं माजी नोकरी जाईल."

पहिल्या दिवशी उतरले. चार फूट. दुसऱ्या दिवशी मला अक्कल सुचली — पावसाची उघडीप, पाणी हलणार कुठे? मग चार, सव्वाचार, चार... मधेच पावणेचार, खरं वाटावं म्हणून. कलाकार होते मी!

नवव्या दिवशी लख्ख ऊन होतं. मांडीवर मासिक, हातात पेन, मनात चार. लिहून झाल्यावर बघते तर ११. शाईनं, स्पष्ट. कुणी हात धरला नव्हता, अंगावर काटा वगैरे काही नाही. मी नुसती बघत बसले... तेवढ्यात फोन वाजला. कंट्रोल रूममधले कुलकर्णी.

"काय वहिनी, आज किती?"

रजिस्टरात खाडाखोड चालायची नाही. म्हटलं, "अकरा."

"अकरा? काल चार होतं. झोपेत उतरलात की काय?"

झालं! माझं नाक वर. "झोपेत तुम्ही असाल भावजी. अकरा म्हणजे अकरा. मी काय खोटं सांगते?"

दोन मिनिटांत भोंगा. वाडीतल्या बायका खडकांवर धुणं धूत होत्या, पोरं पाण्यात. पिळे, घमेली, पोरं उचलून सगळ्या वर पळाल्या. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्या क्वार्टरकडे बघत ओरडली, "कुठं हाय पानी? आं? उगा पळवतात गरिबाला!"

तेव्हा कुठे मी उठले. पहिल्यांदाच बासष्ट पायऱ्या धावत उतरले. चार फूट. नेमकं चार. म्हणजे बाबांची नोकरी मी घालवली होती. कुलकर्ण्यांना खरं सांगायचं, बाबांना यात ओढू नका म्हणून पाया पडायचं, असं ठरवून वर निघाले. पण मधल्या पायरीवर बसून रडले. किती वेळ, देव जाणे. मग खाली पाणी एकदम चहाच्या रंगाचं झालं... आणि मागून ओंडकेच ओंडके. मी वर पळाले. वळून पाहिलं तर ते धुण्याचे खडक नव्हतेच.

दुपारी पाणी चढायचं थांबलं. कुलकर्णी स्वतः भिंतीवरचा आकडा बघून आले. अकरा.

घाटमाथ्यावर पहाटेपासून ढगफुटीसारखा पाऊस होता, हे संध्याकाळी कळलं. पुराचं कारण मिळालं. माझ्या अकराचं नाही. योगायोग म्हणा, मीही पन्नासएक वर्षं म्हणतेय. नदीचा आवाज नकळत कानांना कळला असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पण मी लिहिलं तेव्हा नदी चारावर शांत होती, आणि आवाजावरून कुणाला फूट मोजता येतात?

त्या संध्याकाळी मी बाबांपुढे सगळं ओकले. आठही दिवस, पावणेचारासकट. वाटलं, आता माहेरी धाडणार. ते गोधडी सारून उठून बसले. मग म्हणाले,

"तीस वर्सांत मी खोटा आकडा कदी लिवला नाय. आज मी असतो तं पायऱ्या उतरून चारच लिवला असता, पोरी."