बाभळीचा उंबरा

उंबऱ्याला उंबरा का म्हणतात, हे मला सासूनं सांगितलं. पूर्वी तो उंबराच्या लाकडाचा करत. ते लाकूड ओलीला टिकतं, आणि दत्ताचं झाड म्हणून त्यावर कुणी पाय देत नाही. आमचा उंबरा मात्र बाभळीचा. सासऱ्यांनी पलूसच्या शेतातली बाभळ तोडून बसवला. माझं माहेर औंधाजवळचं. तिथं दाराला दगड होता, त्यालाही उंबराच म्हणत. मी चौथीपर्यंत शिकले. असल्या शब्दांचा विचार करायची वेळ माझ्यावर आमच्या मालकांमुळं आली.

मालक फौजेतून निवृत्त झालेले. म्हातारपणी त्यांची डावी बाजू गेली. मुलगाही फौजेतच, लांब. त्यानं चाकाची खुर्ची पाठवली आणि ओसरीच्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून घ्यायला सांगितलं. गवंड्यानं मापं घेतली, सुनेनं घेतली, मीही उभी राहून बघितलं. खुर्ची आली, मालक बसले, आणि दारातच चाक अडलं. वीतभर उंच उंबरा. रोज सकाळी मी त्याला हळदकुंकू लावत होते, पण तो आड येईल हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

सुनेनं आणि पुतण्यानं त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं. मालकांनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर ते बाहेर जायला तयार होईनात. सुनेनं आपल्याला उचलावं, हे त्यांना सोसलं नाही. तोंडानं बोलले नाहीत, पण जेवण कमी केलं. माझ्या सासऱ्यांनीही अंथरुणाला खिळल्यावर असंच जेवण कमी केलं होतं. त्याचं पुढं काय झालं, ते मी पाहिलेलं होतं.

मी म्हटलं, "आवं, उंबरा काढून टाकू या."

"आईनं जन्मभर पुजला त्यो. माझ्यापायी काढायचा न्हाई."

"मग बसा भिंतीकडं तोंड करून."

"बसतो की. तुझं तोंड बघण्यापरीस बरं."

मी सुताराला निरोप धाडला. तो आला, उंबऱ्यावर बोटं फिरवली आणि मागं सरला.

"काकू, घर पाडताना काढलाय म्या उंबरा. नांदत्या घराचा कवा काढला न्हाई. आन् चार बाजू हायत म्हणून चौकट म्हणायची. खालची काढली तर ऱ्हायलं काय?"

"तीन राहतील. त्या दार धरतील का न्हाई, तेवढं सांग."

"लोखंडी पट्टी मारली तर धरतील. पर पाप लागंल."

"माझ्या नावावर घाल."

"तुमच्या नावावर आधीच लय आसंल," तो म्हणाला, आणि पिशवीतून करवत काढली.

मालक आतून ऐकत होते. अडवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तोंड फिरवून घेतलं. बाभळीचं जुनं लाकूड दगडासारखं झालेलं, सुताराला दुपार झाली. निघालेला तुकडा चुलीत घालायचा नाही, एवढं मला कळत होतं. तो धुतला आणि देव्हाऱ्याखाली ठेवला. मोकळ्या जागेत सपाट फरशी बसवली. सून म्हणाली, "आत्या, आता हळदकुंकू कुठं लावायचं?" मी म्हटलं, "फरशीला लाव."

फरशी वाळली तरी मालक तिकडं फिरकले नाहीत. मीही चला म्हणून मागं लागले नाही. एका सकाळी सून रानात गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी तांदूळ निवडत होते. एका हातानं चाक ढकललं की खुर्ची गोल फिरते, म्हणून ते उजवा पाय जमिनीला टेकवून ती सरळ करत होते. दारापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. चौकटीत थांबले. वाकून चालता हात फरशीला लावला, कपाळाला लावला, आणि बाहेर गेले.

दुपारपर्यंत ओसरीवर होते. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलले, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या दिल्या. मग हाक आली, "माझं ताट हितंच आण."

मी ताट वाढलं आणि आतच ठेवलं. "तुमचं तुमी या," म्हटलं.

पुटपुटत आले. त्या दिवशी एक भाकरी संपवून दुसरी मागितली.